आधी कॅसेटी ऐक, मग लिहायला बस

प्रिय बाळ,

तुझा मेसेज परवाच बघितला, पण एवढं मोठं उत्तर मोबाईलवर टाइप करायचं म्हणजे माझी बोटं दुखतात म्हणून राहिलं. वर्षश्राद्धाला वाचायचं म्हणून आजोबांवर, म्हणजे आमच्या गुरुजींवर, जे लिहिलंयस ते भाषा म्हणून छान आहे, पण राग मानू नकोस, त्यात गुरुजी मला कुठे दिसलेच नाहीत गं. "संगीतावर निस्सीम प्रेम करणारे विद्यार्थिप्रिय शिक्षक" हे तर कुणाच्याही श्रद्धांजलीच्या बोर्डवर खपून जातं. मी पण हेच केलेलं. ते रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभात मी पाच मिनिटं झाडून बोललो, आणि बाहेर पडताना चपला घालता घालता गुरुजी म्हणाले, "भाषण झकास झालं रे, कुणाबद्दल होतं?"

म्हणून नुसतं प्रेम होतं असं लिहू नकोस, त्या प्रेमापायी काय काय करायचे ते लिही.

म्हणजे बघ, आम्ही पाचवीत असताना वर्गात भारताचा नकाशा होता आणि मद्रासच्या जरा खाली गुरुजींनी निळ्या शाईने एक ठिपका दिलेला. सिंगपेरुमलकोईल. छापील नकाशात ते गावच नव्हतं. १९३७ साली मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले होते, गाडीत बरं वाटेना म्हणून त्या लहानशा स्टेशनावर उतरले, आणि तिथेच गात गात गेले असं सांगतात. मग त्यांना आपल्या मिरजेला आणलं, दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसात तिथे गाणं होतं ते तुला माहितीच आहे. तर एकदा साहेब तपासणीला आले आणि विचारलं, हा डाग कसला? आमच्यातला एक उठून म्हणाला, "इथं खाँसाहेब वारले." साहेब बघतच राहिले, गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. भूगोलाचं बाकी काही आठवत नाही मला, ते स्टेशन मात्र झोपेत पण दाखवीन.

आणि ते रेडिओचं. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी होती, आणि गुरुजी रेडिओचे जेवढे वेडे तेवढेच पेटीचे, मग करणार काय? रात्री गाणं लागलं की रेडिओसमोर पेटी घेऊन बसायचे आणि स्वतःच साथ करायचे, समोर गायक आहे अशा थाटात, दाद बिद देत. गायकाची पट्टी दोन स्वरांच्या मधे पडली की पेटीवर कुठेच बसायची नाही, तेव्हा जाम चिडायचे, "एवढं अर्धा केस वर कशाला लावतो हा!" आम्ही शेजारची पोरं ओट्यावर बसून हसायचो.

आजीकडे पण बस जरा, नुसतं फोनवर विचारू नकोस. तिच्या पाटल्यांसाठी साठवलेल्या पैशातून गुरुजींनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोरा आणला होता आणि ती आठ दिवस बोलली नव्हती. हे गाळू नकोस. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आजीच म्हणाली, "बघा, माझ्या पाटल्यांना सरकारने शिक्का दिला." मला वर्गासमोर "फुटका माठ" म्हणाले होते ते पण लिही हवं तर, मी त्यानंतर चारचौघात कधी गायलो नाही. माणूस मोठा होता म्हणून सगळं गोडच होतं असं नाही.

शेवटच्या वर्षांतलं तू बघितलंयस का माहीत नाही. कानाला मशीन लावलं तर बोलणं ऐकू यायचं पण तंबोरा बिघडून यायचा, कारण एकच सूर लांबला की ती मशीनं त्याला स्वतःची शिट्टी समजून दाबायला बघतात. मग गुरुजी मशीन काढून खिशात ठेवायचे आणि भोपळ्याला तळहात लावून बसायचे. मी एकदा गेलो तेव्हा तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत होते, जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लागते का बघायला, शर्टाच्या शिवणीतून काढलेला. ऐकू येत नव्हतं, तरी दोरा केसभर मागे, केसभर पुढे. मग माझा हात धरून भोपळ्यावर ठेवला आणि विचारलं, "लागली का?" मला काय कळतंय, मी हो म्हणालो. त्यांना ते खोटं आहे हे कळलं असणार, कारण परत दोरा सरकवायला लागले.

आता कामाचं. गुरुजींच्या कपाटातल्या कॅसेटी एकदम लावू नकोस, इतकी वर्षं पडून टेप चिकटलेली असते, आधी पेन्सिलीने थोडी फिरवून बघ, मोकळी आहे ना, मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करायची. बुरशी दिसली तर बाजूला ठेव. कव्हरवर त्यांच्या अक्षरात जे लिहिलंय त्याचे आधी फोटो काढ, शाई उडते. रविवारी मी माझा डेक घेऊन येतो, रेकॉर्ड करून मोबाईलमध्ये घेऊ, तोपर्यंत लिहायला घेऊ नकोस.

आणि पेटी माळ्यावरून खाली काढून ठेव. भाता उंदरांनी खाल्ला असेल तर तसाच राहू दे, फेविकॉल लावत बसू नकोस, मी बघतो.

तुझा,
काका