हळद-वाढदिवसाच्या कार्यक्रमांसाठी ३५ हजारांत कोणता डीजे कंट्रोलर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घर नाशिकच्या सिडकोत आहे, आय-५चा ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, कंट्रोलर, हेडफोन, वायरी सगळं मिळून ३५ हजारांत बसवायचंय आणि सुरुवात हळद, वाढदिवस, सोसायटीचा गणपती अशा कार्यक्रमांनी करायची आहे. स्पीकर-अँप भाड्याच्या साउंडवाल्याचे असतील. निवड ठरते ती या शेवटच्या गोष्टीवर. तुमच्या कंट्रोलरची गाठ दर वेळी वेगळ्या मिक्सरशी, दुसऱ्याच्या वायरींशी आणि बऱ्याचदा जनरेटरच्या लाइनशी पडणार आहे. पॅड किती रंगांत उजळतात ते सावकाश बघा. आधी कंट्रोलर फिरवून मागे कोणते सॉकेट आहेत ते बघा.

हिशोब असा धरा: हेडफोनला चार-पाच हजार, वायरी, डीआय बॉक्स (लांबच्या मिक्सरपर्यंत सिग्नल स्वच्छ नेणारी डबी) आणि बॅग यांना तीन-चार हजार. कंट्रोलरला उरले २६-२७ हजार. नव्या पायोनिअर डीडीजे-एफएलएक्स४चा भाव बहुतेकदा याच्या वर जातो, त्या दिवशीचा भाव विचारून घ्या. माझं मत स्पष्ट आहे: चांगल्या स्थितीतला वापरलेला एफएलएक्स४ किंवा त्याच्या आधीचा डीडीजे-४०० मिळाला तर तो घ्या. जुन्या वस्तूची धास्ती वाटत असेल आणि वॉरंटी हवी असेल तर नवा न्यूमार्क मिक्सट्रॅक प्रो एफएक्स. तिन्ही दोन चॅनेलचे आहेत, म्हणजे एका वेळी दोन गाणी हाताळतात, आणि तुमच्या कामाला दोन पुरतात. चार चॅनेलसाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

आता मागची बाजू का, ते सांगतो. कंट्रोलर स्वतः गाणं वाजवत नाही. गाणं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये वाजतं, कंट्रोलरच्या नॉब आणि फेडरकडून फक्त सूचना जातात. (पेन ड्राइव्ह थेट या कंट्रोलरला लावून वाजवता येईल असा गैरसमज खूप जणांचा असतो. तसं होत नाही, त्यासाठी स्वतंत्र चालणारी यंत्रं असतात आणि ती या बजेटमध्ये बसत नाहीत.) पण बऱ्या कंट्रोलरच्या पोटात साउंड कार्ड असतं आणि त्याला दोन वेगळ्या स्टिरिओ वाटा असतात: एक मास्टर, म्हणजे लोकांना ऐकू जाणारं, आणि दुसरी हेडफोनची, म्हणजे पुढचं गाणं फक्त तुम्हाला ऐकू येणारं. ही दुसरी वाट नसेल तर मिक्सिंग होत नाही, एकामागून एक गाणी लावणं होतं.

डीडीजे-२०० स्वस्तात विकायला दिसेल. त्यात साउंड कार्डच नाही. आवाज फोन किंवा लॅपटॉपच्या जॅकमधून स्प्लिटर वायरने काढावा लागतो, त्यात एका बाजूला मास्टर आणि दुसऱ्या बाजूला हेडफोन जातो, म्हणजे दोन्ही मोनो होतात. घरी शिकायला ठीक, लॉन्सवर न्यायला नाही. न्यूमार्कच्या छोट्या डीजे२गो२ टचमध्ये साउंड कार्ड आहे, पण बेस-मिड-ट्रेबलचे नॉब नाहीत. एका गाण्याचा बेस काढून दुसऱ्याचा आत घेणं हे मिक्सिंगचं अर्धं काम आहे, ते बोटाखाली नसेल तर दोन बेस एकमेकांवर आदळतात आणि सगळं चिखल होतं.

टेम्पो फेडरकडे, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीकडे, फार थोडे लोक लक्ष देतात. साध्या मिडीत (कंट्रोलर लॅपटॉपला सूचना पाठवतो ती भाषा) फेडरच्या १२८ पायऱ्या असतात. रेंज ±१० टक्के ठेवली तर एक पायरी साधारण ०.१६ टक्क्याची झाली. दोन गाण्यांत अर्ध्या पायरीचा फरक राहिला तरी मिनिटाला जवळपास ४७ मिलिसेकंदांची चूक साठते. अर्ध्या मिनिटातच दोन ढोल एकत्र न पडता ‘ध-ढम’ असे लागोपाठ ऐकू येऊ लागतात आणि तुम्ही हाताने कितीही जुळवलं तरी फेडर त्या मधल्या जागी थांबतच नाही. एफएलएक्स४ आणि डीडीजे-४००चे टेम्पो फेडर १४ बिटचे आहेत, म्हणजे १६ हजारांवर पायऱ्या, तिथे हा त्रास नाही. सिंक बटण आहे ना, असं म्हणाल. सिंक, म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणं, हे सॉफ्टवेअरने आखलेल्या बीटग्रिडवर (गाण्यातल्या ठोक्यांच्या खुणांवर) चालतं. जुनी हिंदी-मराठी गाणी वादकांनी प्रत्यक्ष वाजवलेली असतात, त्यांची लय थोडी पुढे-मागे होते, ग्रिड सुटतं आणि सिंक चुकीच्या जागी जुळवतं. हळदीत नेमकी हीच गाणी मागतात. म्हणून हाताने जुळवणं शिकायचं आणि त्याला लांब, नेमका फेडर लागतो. टेम्पो ६ टक्के वाढवला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो, तेव्हा सूर जागेवर ठेवणारं मास्टर टेम्पो (सेराटो सॉफ्टवेअरमध्ये त्याला कीलॉक म्हणतात) चालू ठेवा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. एफएलएक्स४ किंवा डीडीजे-४०० जोडला की पायोनिअरच्या रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअरचा परफॉर्मन्स मोड (प्रत्यक्ष वाजवण्याची सोय) वेगळे पैसे न भरता उघडतो. मिक्सट्रॅक प्रो एफएक्सबरोबर सेराटो डीजे लाइट मिळतं, प्रो हवं असेल तर पैसे पडतात, ते आधीच हिशोबात धरा. पुढे रिसॉर्ट किंवा क्लबमध्ये वाजवायची इच्छा आहे म्हणता, तिथे पायोनिअरचे प्लेअर भेटण्याची शक्यता जास्त आणि रेकॉर्डबॉक्समध्ये तयार केलेली गाण्यांची यादी, क्यू पॉइंट (गाण्यात सुरुवातीसाठी केलेल्या खुणा) पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांवर चालतात. माझं माप डीडीजेकडे झुकतं ते यासाठी. मिक्सक्स हे पूर्ण मोफत सॉफ्टवेअर आहे, ते आजच टाका. कंट्रोलर येईपर्यंत गाणी लावून, ग्रिड तपासून ठेवता येतात. गाणी ३२० केबीपीएस एमपी३ किंवा त्याहून चांगली आणि लॅपटॉपच्या डिस्कवरच हवीत. त्र्यंबक रोडच्या पुढच्या एखाद्या लॉन्सवर स्ट्रीमिंगच्या भरवशावर उभं राहू नका.

तुमचा लॅपटॉप चालेल, एसएसडी असेल तर. सॉफ्टवेअरमध्ये आवाजासाठी कंट्रोलरचं साउंड कार्ड निवडा (त्याचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर असेल तर तो) आणि बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी साठवलेला आवाज, ५१२ सॅम्पलवर ठेवा. ४४,१०० हर्ट्झला याचा उशीर ११.६ मिलिसेकंद होतो, हाताला जाणवत नाही. २५६ वर ५.८ होतो, पण लॅपटॉप दमला तर टक-टक आवाज येतात. तसं झालं तर आधी पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा, त्यात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा. विंडोजचे सूचनेचे आवाजही बंद. कंट्रोलर हबमध्ये लावू नका. तो यूएसबीवरच वीज घेतो, बिनवीजेच्या हबवर वीज कमी पडली की मध्येच सुटतो. यूएसबीवर चालण्याचा एक मोठा फायदा आहे: लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तुमचं सगळं चालू राहतं, जनरेटर सुरू होईपर्यंत गाणं जागेवर थांबवून ठेवता येतं.

आता जिथे कार्यक्रम खरोखर बिघडतात ती जागा: तुमच्यापासून साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंतची वायर. एफएलएक्स४ आणि डीडीजे-४००ला मास्टरचे फक्त आरसीए (टीव्हीमागे असतात तसे लाल-पांढरे) सॉकेट आहेत. तिथून निघणारा सिग्नल घरगुती पातळीचा, साधारण ०.३२ व्होल्टचा असतो. साउंडवाल्याची लाइन पातळी १.२३ व्होल्टची. फरक जवळपास १२ डेसिबलचा. म्हणजे त्याने मिक्सरवरचा गेन (येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) उघडायचा असतो. त्याने नाही उघडला तर मुलं तुम्हाला ‘आवाज वाढव’ म्हणतात, तुम्ही मास्टर लाल दिव्यात नेता आणि आवाज फाटतो. गाणं वाजवून कंट्रोलरवरचा चॅनेलचा ट्रिम (गाण्याची पातळी ठरवणारा नॉब) असा ठेवा की मीटर सगळ्यात जोरात असतानाही लाल दिव्याच्या खाली राहील, मग त्याला मिक्सरवर गेन लावायला सांगा. उलट चूकही होते: तो तुमची वायर माइकच्या सॉकेटमध्ये घालतो आणि पहिल्याच ठोक्याला घरघर येते. स्टिरिओ लाइन इनपुट मागा.

आरसीए वायर बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण आपोआप कापणारी) नसते, म्हणून तीन मीटरच्या वर नेऊ नका, तिच्यात घूंऽ आवाज शिरतो. मिक्सर लांब असेल तर दोन चॅनेलचा पॅसिव्ह डीआय बॉक्स टेबलावर ठेवा आणि तिथून पुढे कॅननच्या (तीन पिनच्या एक्सएलआर) वायरी साउंडवाल्याच्या. सोबत आरसीएपासून पी-३८ (पाव इंची) जॅकच्या दोन वायरी ठेवा, बहुतेक छोट्या मिक्सरना त्याच लागतात.

तरी गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे: चार्जर एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोन अर्थिंगमधला फरक तुमच्या वायरीतून वाहतोय. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. नाही जमलं तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. चार्जरची किंवा अँपची अर्थची पिन काढा असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. ओल्या मैदानावर, जनरेटरच्या लाइनवर, ती पिनच तुमचा आणि माइक हातात धरलेल्या माणसाचा जीव वाचवते.

निवेदकाचा माइक कंट्रोलरला लावू नका. सोय आहे, पण शिट्टी आली तर ती आवरायला साउंडवाल्याच्या हातात काही उरत नाही. माइक त्याच्या मिक्सरवर.

हेडफोन कानावर घट्ट बसणारा, बंद कपाचा, वायरचा घ्या. ऑडिओ-टेक्निका एम२०एक्स पुरतो. ब्लूटूथचा चालत नाही. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज असतो, तुम्ही हेडफोनवर जुळवलेलं बाहेर जुळलेलं नसतं.

जुना कंट्रोलर बघायला जाताना आपला लॅपटॉप, आपली यूएसबी वायर आणि हेडफोन न्या, सॉफ्टवेअर घरीच टाकून. एका डेकवर गाणं लावून क्रॉसफेडर पूर्ण दुसऱ्या बाजूला न्या आणि हेडफोनवर मास्टर मोठा करून ऐका. आवाज झिरपत असेल तर फेडर झिजला आहे. प्रत्येक चॅनेल फेडर अगदी हळू वर-खाली करा, स्क्रीनवरचा फेडर मध्येच उडी मारत असेल तर आत धूळ किंवा गुलाल आहे. जॉगच्या (मोठ्या गोल चकतीच्या) वरच्या पृष्ठभागाला बोट लावल्यावर गाणं थांबलं पाहिजे, कडेला धरून फिरवल्यावर फक्त पुढे-मागे ढकललं गेलं पाहिजे. प्रत्येक पॅड दहा-दहा वेळा दाबा, प्ले आणि क्यू बटणं जास्त वेळा, कारण तीच आधी जातात. शेवटी गाणं चालू ठेवून यूएसबी वायर सॉकेटजवळ हलकेच हलवा. कंट्रोलर सुटला तर तिथून निघा, कितीही स्वस्त असला तरी. ते सॉकेट बोर्डावर झाळलेलं असतं आणि भर कार्यक्रमात तेच दगा देतं. बिल नसेल तर तळाचा सिरियल नंबर आणि विकणाऱ्याची सही कागदावर घ्या.

गणपतीत गुलाल आणि रंगपंचमीत रंग-पाणी, ही दोन्ही फेडरची शत्रू आहेत. वाजवत नसाल तेवढा वेळ कंट्रोलरवर कापड हवं, आणि रहाडीच्या (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या हौदाच्या) जवळपास वाजवायला बोलावलं तर टेबल छताखाली आणि उंचावर मिळेल हे आधी ठरवून मगच होकार द्या.