स्नोफ्लेक मोरे ईल सतत तोंड का उघडतो? आणि तो घरी ठेवावा का?

खारघरहून विचारलंय की दुकानातला स्नोफ्लेक मोरे (सापासारखा लांबट समुद्री मासा) सतत तोंड उघडतो-मिटतो, तो चावायला टपलाय का, आणि अडीच फुटी टँकमध्ये राहील का.

तो श्वास घेतोय. इतर माशांसारखी मोठी झाकणं त्याच्या कल्ल्यांवर दिसत नाहीत, डोक्यामागे दोन्ही बाजूंना फक्त छोटी गोल भोकं असतात. त्यातून पाणी खेळतं ठेवायला तोंड चालूच ठेवावं लागतं.

या माशाचं अख्खं शरीर कपारीत राहण्यासाठी घडलंय. छातीचे आणि पोटाचे पर नाहीत, खवले नाहीत, वर जाड बुळबुळीत कातडी. बहुतेक मासे गालफडं फुगवून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतात. चिंचोळ्या बिळात तेवढी जागा कुठली? म्हणून मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो. तो पुढे तोंडात येतो, घास धरतो आणि आत खेचून नेतो. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ साली हे दाखवून दिलं. मला तर हा समुद्रातला सगळ्यात सुंदर बंदोबस्त वाटतो!

नजर मात्र अधू. माझ्या ठाण्याच्या टँकमध्ये चिमट्यात कोळंबी धरली की आधी नाकाच्या दोन पिवळ्या नळ्या कपारीबाहेर येतात. डोकं डावी-उजवीकडे फिरतं, कोळंबीला चाटून पुढे जातं, मग वास सापडला की एका झटक्यात घास गायब. म्हणून हाताने कधीच भरवू नका, बोट आणि कोळंबी यांत तो फरक करत नाही.

पूर्व आफ्रिकेपासून मध्य अमेरिकेपर्यंत प्रवाळांच्या उथळ पाण्यात तो खेकडे फोडून खातो, त्यासाठीच दात बोथट. खेकड्यामागे ओहोटीच्या खडकांवर, पाण्याबाहेरही येतो आणि तिथेच गिळूही शकतो. त्यामुळे टँकचं झाकण घट्ट हवं, पाइपाजवळची फटसुद्धा बुजवा.

अडीच फूट पुरणार नाही. सहसा ६०-७० सेंटीमीटर होतो, मीटरभरही वाढतो. निदान चार फुटी मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक, पक्के रचलेले दगड आणि लपायला दोन-तीन बिळं लागतील. पाणी ठाण्याच्या खाडीतून आणू नका. गाळ असतो आणि पावसाळ्यात खारटपणा पार उतरतो. पाण्यात मरीन सॉल्ट (टँकसाठीचं समुद्री मीठ) कालवूनच भरा. छोटी कोळंबी, खेकडे सोबत ठेवलेत तर ते त्याचं जेवण होईल.

घेण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खात नसेल तर तो मासा घेऊ नका.