बाईचा पगार तुमच्याच पगारातून का?

म्हार्दोळहून एक वाचक लिहितात: सासूबाईंना (वय ७४) अर्धांगवायूचा झटका आला, आता उठता-बसता माणूस लागतो. दिवसाच्या बाईला १८,००० रुपये द्यावे लागतील. कुंडईच्या कारखान्यातला माझा पगार हातात ३४,०००, येण्याजाण्यात ३,००० जातात. उरले १३,०००. तेवढ्यासाठी राबायचं कशाला? दुबईचे दीर म्हणतात, वहिनी, नोकरी सोडा, घर तुमच्या नावावर करू.

ताई, वजाबाकी बरोबर आहे, पण बाईचे १८,००० तुमच्या पगारातून वजा करायला कोणी सांगितलं? सासूबाईंना १४,००० फॅमिली पेन्शन येते आणि बँकेत त्यांच्या ९ लाखांच्या ठेवी आहेत, हे तुम्हीच खाली लिहिलंय. ठेवींची मुदत संपेल तसतशा त्या पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वळवा. एप्रिल २०२३ पासून तिथे ८.२ टक्के मिळतात. ९ लाखांवर तिमाहीला १८,४५०, म्हणजे महिन्याला ६,१५०. पेन्शन धरून २०,१५०. बाईचा पगार त्यातच निघाला. डायपर, औषधं, फिजिओथेरपी दोघा भावांनी निम्मं-निम्मं करावं.

आता तुमची स्लिप. फोटोत तुमचा अंगठा नेमका पीएफच्या ओळीवर आला होता, म्हणून दुसरा मागवला. मूळ पगार २६,०००. त्यावर १२ टक्क्यांनी तुमचे ३,१२० आणि कंपनीचे ३,१२०. शिवाय वर्षाला १५,००० ग्रॅच्युइटी साठते. हातात येत नाही म्हणून तुम्ही ते धरलंच नाही. सगळं धरलं तर १३,००० चे महिना २०,००० च्या वर जातात, तेही बाईचा पगार तुमच्या माथी मारून.

आणि नोकरीला झालीत ९ वर्षं २ महिने! पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात. आज सोडलीत तर त्या खात्यातून एकरकमी काय ते मिळेल आणि विषय संपेल. दहा महिने थांबलात तर ५८ व्या वर्षापासून महिन्याला सुमारे २,१४० रुपये, आयुष्यभर. फार नाहीत, पण स्वतःचे.

सरकारी मदतीचं विचारलंत. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेतल्या महिना १,५०० रुपयांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. तुमच्या यजमानांचा ४१,००० पगारच ती रेषा ओलांडतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनाही सासूबाईंना बसत नाही, कारण त्या आधीच फॅमिली पेन्शन घेतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहेच. सत्तरीवरच्यांसाठीचं आयुष्मान कार्डही काढा, त्यात ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि उत्पन्नाची अट नाही. पण दोन्ही कार्डं इस्पितळात दाखल झाल्यावर कामाची. घरी कूस बदलून देणाऱ्या हातांना त्यातला एक रुपया मिळत नाही. ते काम सरकारने सुनेच्या नावावर फुकटात धरलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

घराचं आश्वासन हिशेबात घेऊच नका. सासरे वारले तेव्हा त्यांचा अर्धा भाग मुलांकडे आला, बाकी अर्धा सासूबाईंचा. गोव्याच्या कायद्यात त्यांना मृत्युपत्रानेसुद्धा आपल्या निम्म्याच मालमत्तेची मनासारखी वाट लावता येते, उरलेली मुलांची. दिरांना आपला वाटा द्यायचाच असेल तर जावेचीही सही लागेल. सब-रजिस्ट्रारकडे कागद होईपर्यंत व्हॉट्सॲपवरचं ‘करू’ हे ‘करू’च. असे ‘करू’ ऐकून नोकरी सोडलेल्या दोघीजणींना मी पुढे इन्व्हेंटारीच्या, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या दाव्याच्या, तारखांना हेलपाटे घालताना पाहिलंय.

तेव्हा दिरांना सांगा, घर राहू द्या, तुमच्या वाट्याचे पैसे दर १ तारखेला भावाच्या खात्यात घाला.

आणि चवथीला बाई गावी जाणार, हे धरूनच चाला. त्या दिवसांसाठी तुमची आणि यजमानांची रजा आत्ताच वाटून घ्या. आमच्या घरी हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आईला पेज भरवता भरवता मी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची चौकट, बांधली, तीही तिरकी.