मारायचं नव्हतं, मग सदोष मनुष्यवध कसा?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पुणे रोडवरच्या ढाब्यावर दारू प्यायला. मित्र ‘किल्ली दे, मी चालवतो’ म्हणत होता, याने ऐकलं नाही. माझी कार घेऊन सोलापुरात परतताना, पाळी सुटून सायकलवर घरी निघालेल्या यंत्रमाग कामगाराला धडक बसली. भावानेच त्यांना सिव्हिलला नेलं, पण दोन दिवसांनी ते गेले. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम वाढवलं. त्याचा हेतू नव्हता, मग हे कलम का? गाडी मित्र चालवत होता असं सांगितलं तर?

उत्तर : दादा, शेवटचं आधी. तसं अजिबात सांगू नका. ढाब्यावरचा कॅमेरा, मोबाइलचं लोकेशन, सिव्हिलमध्ये ‘कुणी आणलं’ याची नोंद, यातून खोटं उघडं पडेल. आरोपीला वाचवायला खोटी माहिती दिली म्हणून तुम्ही आणि तो मित्र, दोघंही भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ मध्ये अडकाल. शिवाय भाऊ पळाला नाही, जखमीला घेऊन दवाखान्यात गेला, ही त्याची सगळ्यात भक्कम बाजू. ड्रायव्हर बदललात की तीच हातची गेली.

आता हेतूचं. कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, याला हेतू लागतोच असं नाही. या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव असली तरी ते लागतं, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, यात ती पाच वर्षांपर्यंत. ‘नशेत काही कळत नव्हतं’ हा बचाव कलम २४ पुढे टिकत नाही. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला, शुद्धीत असता तर जेवढं कळलं असतं तेवढं कळत होतं, असंच कायदा धरतो. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. त्यात जाणीव धरून दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

म्हणून तुमच्या पत्रातली किल्लीची ओळ मला फार जड वाटते. तो मित्र साक्षीला उभा राहिला की ‘याला धोका सांगितला होता’ हेच पुढे येणार.

तरीही दारू होती म्हणून १०५ आपोआप सिद्ध होत नाही. वेग किती होता, रस्त्यावर उजेड होता का, ब्रेक मारल्याच्या खुणा आहेत का, हे सगळं पाहिलं जातं. १०५ अजामीनपात्र आहे, त्यामुळे जामिनासाठी सेशन्स कोर्टात जावं लागेल. ‘या प्रकरणात हे कलम लागत नाही’ असा युक्तिवादही आरोप निश्चित होण्याआधी तिथेच करता येतो. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ वेगळं लागेल.

गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यात तुम्हीही प्रतिवादी असाल. विम्याची पॉलिसी लपवू नका, उलट लगेच पोलिसांत द्या. त्या घरातला कमावता माणूस गेलाय, त्यांचे पैसे कागदांपायी अडायला नकोत. त्यांना भेटावंसं वाटणं मी समजू शकतो. पण आधी भावाच्या वकिलांशी बोला, आणि तिथे साक्षीचा किंवा केस मागे घेण्याचा शब्दही काढू नका.