आठवण 'करत' नाहीत

रंकाळ्याजवळ राहणाऱ्या एका कॉलेजकुमाराने विचारलंय : "'मी तुझी आठवण करतो' हे बरोबर आहे का? आणि 'आठवण' व 'स्मरण' यांत फरक काय?"

बरोबर नाही. ती सरळ हिंदीतल्या 'याद करना'ची उचल आहे. परवा कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये शेजारी बसलेली मुलगी फोनवर म्हणत होती, "आई, तुझी लई आठवण करतीय गं." आवाज भरून आलेला, मराठी इथलीच, क्रियापद तेवढं परकं. मला राहवेना, पण गप्प बसलो. मराठीत आठवण येते, होते, राहते; आपण ती ठेवतो आणि काढतो. दुसऱ्याला 'करून देणं' वेगळं. 'सरकारांनी आठवण केलीय' असा दरबारी थाट असायचा, पण त्याचा अर्थ 'बोलावलंय' एवढाच.

पुरावा हवा तर उचकी घ्या. माझी आजी कागलकडची. उचकी लागली की घोटभर पाणी प्यायची आणि "कोन आठवन काढाय लागलंय?" म्हणत एकेकाचं नाव घ्यायची, धाकट्या मावशीचं, मग मुंबईच्या मामाचं. ज्या नावाला उचकी थांबली, त्याने आठवण काढली. 'केली' असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

आता 'काढतात' का, ते बघा. एका कार्यक्रमात एक व्याख्याते 'आठवण' हा शब्द आठ या आकड्याशी जोडत होते, आठ गाठी वगैरे. टाळ्याही पडल्या! दुसरे एक जाणकार तो संस्कृत 'स्मृ'पासून, म्हणजे 'स्मरण'च्याच धातूपासून आणतात. 'स्म'चा 'ठ' कुठल्या प्राकृतात झालेला त्यांनी पाहिला, ते एकदा दाखवावं. 'विस्मृ'चं प्राकृतात 'वीसर' झालं, प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने बाराव्या शतकात ते नोंदवलंय, आणि त्यातूनच आपलं 'विसरणे', गावाकडचं 'इसरणे' आलं. त्यात 'ठ' आहे का कुठे? 'ठ' येतो तो 'स्थ'मधून : 'स्थान'चं ठाणं, 'स्थापय्'चं (म्हणजे बसवणं, मांडणं) ठेवणे. म्हणून माझा कौल 'आ' अधिक 'स्थापय्' याला. आठवण ही 'ठेव'ची सख्खी बहीण. जे ठेवलंय तेच काढता येतं, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातून, म्हणजे जमिनीतल्या कोठारातून, हळद काढावी तसं. एकदा हे नातं पटलं की 'करणे' कानाला बोचायलाच लागतं.

आणि ही नुसती कविकल्पना नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. 1885 साली ते छापलं. वीसेक मिनिटांनी सुमारे 58 टक्के श्रम वाचले, एका दिवसाने 34 टक्के. 31 दिवसांनंतरही 21 टक्के वाचतच होते. म्हणजे पार विसरलो असं वाटतं, तेव्हाही ठेव तळाशी शिल्लक असते. निघत नाही एवढंच. 'नाव अगदी ओठांवर आहे, पण आठवेना' ही अवस्था ब्राउन आणि मॅकनील यांनी 1966 मध्ये अभ्यासली. शब्द सापडत नसताना लोकांना त्याचं पहिलं अक्षर, तो किती अक्षरांचा आहे, हे पुष्कळदा सांगता येत होतं. हात ठेवीला लागलेला असतो, पकडीत येत नाही.

स्मरण देवाचं, नाहीतर स्मरणपत्रातलं; त्यात फार काही नाही.

एबिंगहाउसने आणखी एक भेद केला होता : इच्छेने मनात आणलेली गोष्ट वेगळी, आपसूक उगवणारी वेगळी. मराठीने हा भेद क्रियापदातच करून ठेवलाय. वडिलांच्या श्राद्धाला पंगतीत बसून आम्ही त्यांची आठवण काढतो. केएमटीतल्या त्या मुलीने काही काढलं नव्हतं, तिला भरून आलं होतं. तिचं वाक्य 'आई, तुझी लई आठवण येतीय गं' असंच हवं होतं.