वाचकांचे प्रश्न : व्रान्येची गाणी, रूपक ताल आणि वरातीचा बँड

प्रश्न : युनेस्कोने २०१९ साली मुंबईला चित्रपटांचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्याच वर्षीच्या यादीत संगीतासाठी सर्बियातील व्रान्ये या शहराचे नाव होते. हे शहर कोठे आहे आणि एवढ्या लहान शहराच्या संगीतात विशेष ते काय? (एक वाचक, दादर)

उत्तर : व्रान्ये हे सर्बियाच्या दक्षिण टोकाला, राजधानी बेलग्रेडपासून सुमारे ३५० किलोमीटरवर आहे. प्ल्याच्कोवित्सा पर्वताच्या पायथ्याशी, दक्षिण मोरावा नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे. नदी उत्तरेकडे वाहते आणि तिचे पाणी शेवटी डॅन्यूबला मिळते. मध्य युरोपातून एजियन समुद्राकडे जाणारी जुनी वाट याच खोऱ्यातून जाते आणि आजचे महामार्ग व लोहमार्गही तिलाच धरून आहेत. जवळच असलेल्या व्रान्स्का बान्या येथील गरम पाण्याचे झरे इतके उष्ण आहेत की ते पाणी निववल्याशिवाय अंगावर घेता येत नाही.

या शहराच्या संगीताचे रहस्य त्याच्या इतिहासात शोधावे, असे मला वाटते. ओटोमन तुर्कांनी १४५५ साली व्रान्ये जिंकले आणि ते सर्बियाकडे आले १८७८ साली. त्यानंतरही १९१२ पर्यंत ओटोमन साम्राज्याची सरहद्द शहरापासून फार दूर नव्हती. जुना हमाम, १८४४ सालचा ‘पांढरा पूल’ आणि आता संग्रहालय झालेला पाशाचा वाडा ही त्या काळाची दृश्य चिन्हे आहेत. मात्र त्याचा अधिक खोल ठसा गाण्यांवर उमटलेला आहे. व्रान्येच्या जुन्या नागरी गीतांत विरह, अपुरे प्रेम आणि सरून गेलेले तारुण्य हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या चालींत हिजाझ या तुर्की-अरबी मकामाची (म्हणजे आपल्या रागासारख्या स्वररचनेची) स्वरावली वारंवार ऐकू येते. तिचे खालचे चार स्वर आपल्या भैरवाच्या सा, कोमल रे, शुद्ध ग, म यांसारखेच असल्यामुळे मराठी कानाला त्या चाली परक्या वाटत नाहीत. व्रान्येचेच लेखक बोरिसाव स्तांकोविच (१८७६–१९२७) यांनी एका रोमा (जिप्सी) गायिकेवर लिहिलेल्या ‘कोश्ताना’ या नाटकात ही गाणी रंगभूमीवर आणली आणि त्यामुळे ती साऱ्या देशाच्या तोंडी झाली.

प्रश्न : मी तबला शिकतो. व्रान्येचे एक नृत्यगीत ऐकले, तेव्हा ते सरळ रूपक तालात आहे असे वाटले. तेथील रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले होते. हा ताल त्यांनीच तिकडे नेला असेल का? (एक विद्यार्थी, विलेपार्ले)

उत्तर : आपला कान तयार आहे. ‘व्रान्यांका’ हे प्रसिद्ध नृत्य रूपकासारखेच सात मात्रांचे असून त्यांची विभागणी तीन-दोन-दोन अशीच आहे. रोमा समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले हेही भाषाशास्त्राने पुरेसे सिद्ध केले आहे, कारण त्यांची भाषा हिंदी-मराठीच्याच कुळातली आहे. तरीही या दोन खऱ्या गोष्टींची गाठ मारण्याची घाई करू नये. सात, नऊ, अकरा अशा विषम मात्रांची नृत्ये बल्गेरिया, उत्तर मॅसिडोनिया, ग्रीस आणि तुर्कस्तान या सर्व प्रदेशांत आहेत आणि ती रोमा नसलेले शेतकरीही पिढ्यान्‌पिढ्या नाचत आले आहेत. शिवाय रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते, ही त्याची खास ओळख. व्रान्यांकात मात्र पहिल्या लांब ठोक्यावर वजन पडते आणि नाचणाऱ्याचे पाऊल त्यावरच ठरते. साम्य आहे, पण वारसा म्हणण्याइतका पुरावा नाही.

प्रश्न : तेथील लग्नांत ट्रम्पेटचे ताफे वाजतात असे ऐकले. आपल्याकडील वरातीच्या बँडशी त्यांचा काही संबंध आहे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : येथे संबंध आहे, पण तो रक्ताचा नसून लष्कराचा आहे. ओटोमन सुलतानाने १८२६ साली जानिसारी ही आपली जुनी खडी फौज मोडली आणि पाठोपाठ युरोपीय पद्धतीचे लष्करी बँड उभे केले. सर्बियात मिलोश राजाने १८३१ साली योसिफ श्लेझिंगर या संगीतकाराकडून आपला बँड बांधून घेतला. भारतात इंग्रजी पलटणींच्या बँडचे वळण लग्नाच्या वरातीत उतरले, तसेच तेथेही छावणीतले पितळी वाद्य गावच्या वादकाच्या हाती आले. त्यापूर्वी व्रान्येचे रोमा वादक झुर्ला आणि तापान वाजवीत. झुर्ला हे आपल्या सनईच्या जातीचे दुहेरी पातीचे वाद्य आहे. तापान हा दोन तोंडांचा ढोल असून त्याच्या एका बाजूला जाड काठीचा आणि दुसऱ्या बाजूला बारीक छडीचा मार असतो. झुर्ला मागे पडली, ढोल टिकला. आजच्या ताफ्यात ज्याला ट्रम्पेट म्हणतात ते बहुधा फ्लूगेलहॉर्न, म्हणजे ट्रम्पेटसारखेच पण रुंद नळीचे वाद्य असते, म्हणून त्याचा आवाज अधिक भरीव आणि मऊ येतो. साथीला टेनर हॉर्न आणि खर्जासाठी खांद्यावर वेढा घालून घेतलेला हेलिकॉन हा मोठा पितळी कर्णा असतो.

पश्चिम सर्बियातील गुचा या गावी १९६१ पासून ट्रम्पेटवादकांची मोठी स्पर्धा भरते. तेथे पश्चिमेकडचे ताफे दोन मात्रांचे ठसठशीत ‘कोलो’ (फेर धरून नाचायचे नृत्य) वाजवतात, तर दक्षिणेकडचे रोमा ताफे ‘चोचेक’ या नृत्याच्या लयीत मींड, मुरक्या आणि तत्क्षणी सुचलेल्या जागा घेतात. व्रान्येचे बाकिया बाकिच आणि जवळच्या व्लादिचिन हानचे बोबान मार्कोविच ही या दाक्षिणात्य घराण्यातली मोठी नावे. मला स्वतःला ही दक्षिणी वादनशैली अधिक भावते, हे लपवीत नाही. बिदागीची रीत मात्र आपल्याला लगेच ओळखू येईल : आपल्याकडे नोटा ओवाळतात, तिकडे घामेजलेल्या वादकाच्या कपाळावर चिकटवतात.

प्रश्न : हे संगीत तेथे जाऊन ऐकायचे तर केव्हा जावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ६ मेच्या सुमारास, सेंट जॉर्जच्या सणाला. रोमा वस्त्यांत तो वसंताचा सर्वांत मोठा सण असतो, घरांच्या दारांना हिरव्या डहाळ्या लावतात आणि ताफे रस्त्यावर येतात. ते जमले नाही, तर उन्हाळ्यातील कोणताही शनिवार-रविवार चालेल, कारण लग्ने तेव्हाच होतात.