‘सत्र’ : लखनौचं आणि नैमिषारण्याचं

प्रश्न असा आहे : ‘उत्तर प्रदेश विधानसभेच्या पहिल्या दिवसाची बातमी देताना एका मराठी वाहिनीने सकाळी “सत्राचं उद्घाटन” म्हटलं, गोंधळ झाल्यावर “सत्रावसान झालं” म्हटलं आणि दुपारी तेच सत्र पुन्हा सुरू केलं. आपण तर अधिवेशन म्हणतो. हिंदीतलं हे सत्र मराठीत चालवावं का?’

चालवावं. ते हिंदीच्या मालकीचं नाही. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यालाही ‘जिल्हा व सत्र न्यायालय’ ठाऊक असतं, आणि संविधानाच्या मराठी पाठात ‘सत्रसमाप्ती’ आहेच. राग काढायचा असेल तर त्या ‘सत्रावसाना’वर काढा. माझा कधीच काढून झाला आहे, पण वाहिन्यांना फरक पडत नाही.

सभागृहात गोंधळ झाला, अध्यक्ष उठून गेले, बारा वाजता पुन्हा बसायचं ठरलं, तर तहकूब झालं ते कामकाज. दुसऱ्या दिवसावर गेली ती बैठक. पुढची तारीखच दिली नाही तर सभागृह बेमुदत तहकूब. हे सगळं अध्यक्षांच्या हातात असतं. सत्रावसान, म्हणजे आपली सत्रसमाप्ती, हा वेगळाच प्रकार : तो अनुच्छेद 174 खाली राज्यपालांचा आदेश असतो आणि त्यानंतर सभागृहाला पुन्हा बोलावल्याशिवाय बसता येत नाही. विधेयकं तेवढ्याने बाद होत नाहीत, ते अनुच्छेद 196 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. सकाळी सत्रावसान आणि दुपारी कामकाज ही किमया फक्त वाहिन्यांनाच जमते. शिवाय हिंदी बातमीतलं ‘सदन स्थगित’ जसंच्या तसं उचलू नये. आपल्याकडे स्थगिती न्यायालय देतं; सभागृह तहकूब होतं. हा तहकूब अरबी ‘तवक्कुफ’चा, म्हणजे थांबण्याचा, मराठी अवतार असावा आणि मौकूफ त्याचा सख्खा भाऊ, असं माझं मत आहे. तहकूब म्हटलं की हुकूम आठवणाऱ्यांनी ते दोन शब्द एकदा हळू म्हणून पाहावेत.

आणि उद्घाटन कसलं? लखनौच्या विधानभवनाचं उद्घाटन एकदाच झालं, 21 फेब्रुवारी 1928 ला, तेही इमारतीचं. सत्राला राज्यपाल बोलावतात. वर्षाच्या पहिल्या सत्राच्या आणि निवडणुकीनंतरच्या पहिल्या सत्राच्या आरंभी ते अभिभाषण करतात आणि कशासाठी बोलावलं ते सांगतात. मूळ संविधानात प्रत्येक सत्राच्या आरंभी अभिभाषण होतं. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते या दोन प्रसंगांपुरतं ठेवलं. त्यामुळे पावसाळी सत्राच्या पहिल्या दिवशी ‘राज्यपाल उद्घाटन करणार’ असं सांगणाऱ्याची चूक एक नाही, दोन आहेत.

बोलावण्यासाठी संविधानाच्या हिंदी पाठात शब्द आहे ‘आहूत’. त्यातला ऊ दीर्घ. ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणे, त्यापासून आलेला. ऱ्हस्व उकार दिलात की ‘हु’ धातू येतो आणि ‘आहुत’ म्हणजे आगीत टाकलेलं. ‘विधानसभा आहुत’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. 403 आमदारांचा होम एका मात्रेने!

होमाचा विषय निघालाच आहे, तर आता मूळ गोष्टीकडे येतो. सत्र म्हणजे ‘सद्’ या धातूला ‘त्र’. सद् म्हणजे बसणे. उणादिसूत्रांत, म्हणजे शब्द धातूंपासून कसे झाले ते सांगणाऱ्या संस्कृत व्याकरणातल्या सूत्रांत, ही व्युत्पत्ती सरळ दिली आहे आणि ज्या सूत्रात दिली आहे त्याच सूत्रात वच् पासून ‘वक्त्र’, म्हणजे तोंड, सिद्ध केलं आहे. सत्र आणि तोंड एका सूत्रात बसवणाऱ्याला विधानसभा ठाऊक नसणार, तरी त्याला नमस्कार. मूळ लेखन ‘सत्त्र’ असं दोन तकारांचं. आपण एक त गिळला. सदन, सदस्य, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी त्याच घरातली भावंडं. लॅटिनमधला ‘सेदेरे’ आणि त्यातून निघालेलं इंग्रजी ‘सेशन’ हे लांबचे चुलते. म्हणून सत्र न्यायालय हा जगातला सर्वांत प्रामाणिक अनुवाद आहे : बसण्याच्या जागी बसणंच ठेवलं.

एका विद्वान प्राध्यापकांनी मला मागे ठणकावून सांगितलं की सत्र म्हणजे ‘सत् + त्र’, सज्जनांचं त्राण करतं ते. ऐकायला गोड आहे. पण वेदांतली भाषा बघा ना! इतर यज्ञ ‘करतात’, सत्र मात्र ‘बसतात’. भागवताच्या पहिल्याच अध्यायात शौनकादी ऋषी नैमिषारण्यात काय करतात? ‘सत्रं स्वर्गाय लोकाय सहस्रसममासत.’ आसत, म्हणजे बसले. क्रियापदच साक्ष देत असताना सज्जनांचं त्राण कुठून आणायचं? विधानसभेकडे पाहून तर ते अजिबात सुचू नये.

श्रौतविधीत, म्हणजे वैदिक यज्ञांच्या विधीत, सत्र म्हणजे बारा किंवा अधिक दिवसांचा सोमयाग, सोमरसाचा यज्ञ. त्याहून कमी दिवसांचा, पण एका दिवसाहून मोठा, तो ‘अहीन’. हा अहीन हीनाचा कोणी लागत नाही. अहन् म्हणजे दिवस, त्यापासून आला. या हिशोबाने 2025 चं उत्तर प्रदेशचं पावसाळी सत्र, 11 ते 14 ऑगस्ट, हे सत्रच नव्हतं, चार दिवसांचं अहीन होतं. मात्र त्यात 13 तारखेला सकाळी सुरू झालेली चर्चा रात्रभर चालून 14 ला संपली. सोमयागात रात्र ओलांडून चालणाऱ्या विधीला ‘अतिरात्र’ म्हणतात. चोवीस तासांच्या त्या चर्चेला आपल्या वाहिन्या ‘मॅरेथॉन’ म्हणत राहिल्या.

पहिल्या दिवसाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, त्यालाही तयार शब्द आहे. सत्राचा पहिला दिवस ‘प्रायणीय’, निघण्याचा, शेवटचा ‘उदयनीय’. उद्घाटन, शुभारंभ, सुरुवात, प्रारंभ यांची गर्दी करण्यापेक्षा एखाद्या उपसंपादकाने ‘लखनौत आज प्रायणीय’ असा मथळा देऊन पाहावा. नोकरी जाईल, पण शब्द राहील.

सत्राची खरी गंमत तर पुढेच आहे. साध्या यज्ञात एक यजमान असतो आणि ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, त्याच्याकडून दक्षिणा घेऊन काम करतात. सत्रात किमान सतरा जण बसतात आणि सगळेच यजमान असतात. सगळ्यांची दीक्षा होते, फळ सगळ्यांचं. त्यांच्यातला एक ‘गृहपती’, म्हणजे बरोबरीच्यांतला पुढचा. सगळेच यजमान, म्हणून दक्षिणा नाही! कोण कुणाला देणार? लोकप्रतिनिधींच्या सभागृहाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. बैठकीचा भत्ता हा पुढच्या काळातला प्रक्षेप समजावा. आणि ‘सदस्य’ म्हणजे काय? सोळा ऋत्विजांखेरीज काही शाखांत जो सतरावा सांगितला आहे, मंडपात बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवणारा, तो सदस्य. पाच वर्षांत एक प्रश्न न विचारणाऱ्या आमदारालाही त्यामुळे व्युत्पत्तीचा आधार आहे.

तैत्तिरीय संहितेत गाईंच्या सत्राची कथा आहे. गाईंना शिंगं नव्हती. शिंगं यावीत म्हणून त्या सत्राला बसल्या. दहा महिन्यांत शिंगं फुटली, तशा काही ‘मिळालं!’ म्हणत उठल्या. काही मात्र वर्ष पुरं होईपर्यंत बसून राहिल्या. म्हणून वर्षभराच्या सत्राचं नाव ‘गवामयन’, गाईंचं चालणं. यातलं क्रियापद पाहा : ‘उदतिष्ठन्’, उठल्या. सत्र संपणं म्हणजे उठणं. आपणही म्हणतो, सभा उठली, बैठक उठली. हजारो वर्षं बसणं-उठणं हेच दोन शब्द काम करताहेत, आणि आपण मधेच सत्रावसान करून मोकळे होतो!

आता लखनौ. महाभारत सुरू होतं तेच नैमिषारण्यात, शौनक कुलपतींच्या बारा वर्षांच्या सत्रात. हे नैमिषारण्य म्हणजे आजचं नीमसार, सीतापूर जिल्ह्यातलं, गोमतीकाठचं, लखनौपासून नव्वदेक किलोमीटरवर. आणि विधानभवनाचं लखनौही गोमतीकाठीच, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. योगायोग म्हणणारे म्हणोत. मी म्हणतो, ‘सेशन’ला हिंदीत शब्द शोधायला कोणाला कोश उघडावाच लागला नसेल, नदीच्या वरच्या अंगाला तो बसलेलाच होता. त्यात शौनक ‘कुलपती’. आज सत्राच्या पहिल्या दिवशी अभिभाषण करणारे राज्यपाल विद्यापीठांचे कोण? तिकडे कुलाधिपती, आपल्याकडे कुलपती. यावर एका कोशकार मित्राने ‘पुरावा काय?’ असं विचारलं. त्यांच्या कोशात ‘सत्र’ या नोंदीला ‘अधिवेशन पहा’ आणि ‘अधिवेशन’ला ‘सत्र पहा’ आहे. पुराव्याच्या गोष्टी त्यांनी करू नयेत.

अमरकोशाची ओळ आहे, ‘सत्रमाच्छादने यज्ञे सदादाने वनेऽपि च’. सत्र म्हणजे झाकणं, यज्ञ, अखंड दान आणि अरण्यसुद्धा. यज्ञ आणि वन नैमिषारण्यात एकत्र आले. झाकण्याचा अर्थ कौटिल्याच्या ‘सत्री’ या हेरात दिसतो. आणि सदादान आपल्या ताटात आलं : अन्नसत्र. त्याचंच बोलताना अन्नछत्र झालं. छत्री, सावली, छत्रछाया असलं काही त्यात नाही. अन्नछत्रात जेवून मिरपूड मागणाऱ्यांची आपल्याकडे म्हण आहे. अन्नछत्रात छत्री शोधणाऱ्यांची अजून व्हायची आहे.

तर अधिवेशन. हा शब्द ‘विश्’चा, म्हणजे आत शिरण्याचा. उत्तरेकडच्या विधानमंडळांत बैठकीला ‘उपवेशन’ असाही शब्द चालतो. तो कानाला जड वाटतो, पण ‘बैठक’ त्याचीच नात. उपविष्टचा घासून बैठ झाला, उपविशतिचं ज्ञानेश्वरीतलं बैसणे आणि मग आपलं बसणे. एक सोवळ्यात, दुसरं घरच्या धोतरात. हिंदी संविधानात अनुच्छेद 174 च्या एकाच वाक्यात तिन्ही शब्द आहेत : सभागृहाला ‘अधिवेशना’साठी आहूत करायचं, आणि एका ‘सत्रा’ची शेवटची ‘बैठक’ व पुढच्या सत्राची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचं अंतर पडू द्यायचं नाही. म्हणजे जमणं ते अधिवेशन, जमून बसण्याचा सबंध कालखंड ते सत्र, एका दिवसाचं बसणं ती बैठक. मराठीत पहिल्या दोहोंसाठी अधिवेशन हाच शब्द रुळला आहे आणि त्याने कुणाचं अडत नाही. अधिवेशन ‘भरतं’ हे तर आपलं खास. बाजार भरतो, शाळा भरते, तसं.

लखनौतल्या पहिल्या दिवसाचं एवढंच की सत्राच्या नावात बसणं असलं तरी त्या दिवशी बसतं कोण? विधानसभा मंडपात (शब्द त्यांचाच, आणि यज्ञाला साजेसा) दोन्ही सभागृहं एकत्र येतात, राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात आणि पुष्कळदा विरोधक तसेच उभे राहून घोषणा देतात. आटपाडीत वाढलेले आपले राम नाईक तिथे 2014 ते 2019 राज्यपाल होते. 2019 च्या फेब्रुवारीत अभिभाषण वाचताना त्यांच्या दिशेने कागदाचे गोळे आले. त्याच नाईकांनी सरकारी कागदांतलं ‘अम्बेडकर’ बदलून ‘आंबेडकर’ लिहायला लावलं, 2018 मध्ये. एका काना-अनुस्वारासाठी राजभवनातून पाठपुरावा करणारा राज्यपाल मला कागदाच्या सगळ्या गोळ्यांहून मोठा वाटतो.

18 फेब्रुवारी 2025 चा पहिला दिवस तर भाषेवरूनच पेटला. सभागृहाचं कामकाज अवधी, भोजपुरी, ब्रज, बुंदेली आणि इंग्रजीत ऐकता येईल असं जाहीर झालं. विरोधी पक्षनेते माताप्रसाद पांडेय यांनी इंग्रजीला हरकत घेतली, उर्दूचा विषय निघाला, आणि मुख्यमंत्र्यांच्या उत्तराने ती चर्चा भाषेची राहिलीच नाही. आपल्या वाहिन्यांनी त्यातली फक्त चकमक दाखवली. अवधीत कामकाज ऐकू येणार, तुलसीदासांच्या भाषेत अर्थसंकल्पाचे आकडे येणार, ही केवढी बातमी होती!

राहता राहिलं ‘राजीनामासत्र’, ‘अटकसत्र’, ‘बदल्यांचं सत्र’. प्रश्नात नाही, पण कोणीतरी विचारणारच. शुद्धतावाद्यांना हे वापर खटकतात. मला नाहीत. खंड न पडता चालणारं ते सत्र, हा अर्थ सदादानातच आहे. फक्त एकाच्याच राजीनाम्याला राजीनामासत्र म्हणू नये. किमान सतरा हवेत.